कस्टर काउंटीची मातीची घरं आणि ‘हात न पसरण्याची’ गोष्ट

एक काळा-पांढरा फोटो आणि त्याखाली दहा-बारा ओळी, असा एक मजकूर मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असतो. फोटोत मातीचं बुटकं घर, छपरावर उगवलेलं गवत आणि दारासमोर हारीने उभं राहिलेलं कुटुंब. खालचा मजकूर थोडक्यात असा: “अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, कस्टर काउंटीत, ही कुटुंबं सगळ्यात आधी आली. जमीन ओसाड होती, कुणाचीच नव्हती. सरकारने एक पैसा दिला नाही. ज्याच्या मनगटात जोर, त्याला जमीन. एकेका कुटुंबाने एकट्याने माळ फोडला. दुष्काळ आला, टोळधाड आली, पण कुणी जमीन सोडली नाही, कुणी मोर्चा काढला नाही, कुणी सवलत मागितली नाही. त्यांचे वंशज आजही तीच जमीन कसतात.” आणि शेवटची ओळ: “आपला शेतकरी मात्र हात पसरून बसलाय.”

वरचं सगळं या शेवटच्या ओळीसाठी रचलेलं आहे. म्हणून मला ते खोडून काढावंसं वाटतं. त्या कुटुंबांच्या कष्टांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. झाड नाही, दगड नाही, पाण्यासाठी खोल विहीर खणायची, थंडीत पारा शून्याच्या कितीतरी खाली, अशा माळावर मुलाबाळांसह राहणं ही साधी गोष्ट नव्हती. पण त्या कष्टांची गोष्ट सांगताना कोण कोण आणि काय काय गाळलं गेलं, ते पाहिलं की हा मजकूर एकाही मुद्द्यावर उभा राहत नाही.

जमीन कुणाचीच नव्हती, इथून सुरुवात करू.

कस्टर काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, लूप नद्यांच्या खोऱ्यात आहे. हे खोरं पॉनी या अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातीचं. माती आणि लाकडाची मोठी गोल घरं बांधून ते नद्यांच्या काठी गावं करून राहत. शेती बायकांच्या हातात होती: मका, घेवडा, भोपळा. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, सगळं गाव रानगव्यांच्या शिकारीला पश्चिमेकडे निघे. ज्या माळावर पुढे मातीची घरं उभी राहिली, ती यांची शिकारीची रानं. उत्तरेकडून लाकोटा या दुसऱ्या जमातीचे लोकही तिथे येत आणि दोघांत जुनं वैर होतं. रिकाम्या जमिनीसाठी कुणी वैर धरत नाही.

अमेरिकी सरकारलाही ही जमीन कुणाची आहे हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्याने ती लेखी करार करून घेतली. १८३३ मध्ये प्लॅट नदीच्या दक्षिणेकडची, १८४८ मध्ये प्लॅटच्या काठची एक पट्टी आणि १८५७ च्या टेबल क्रीक करारात उत्तरेकडची उरलेली बहुतेक सगळी. पॉनींकडे राहिला तो लूपच्या काठचा ३० मैल लांब आणि १५ मैल रुंद तुकडा. ज्याचा मालकच नाही त्याच्याशी तीन-तीनदा करार कोण करतं? करारांत कबूल केलेलं संरक्षणही नीट मिळालं नाही. ५ ऑगस्ट १८७३ रोजी शिकारीला निघालेल्या पॉनी लोकांवर नैर्ऋत्य नेब्रास्कातल्या एका घळीत लाकोटांनी हल्ला केला. बायका-मुलांसह कित्येक मारले गेले. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत, १८७४-७५ मध्ये, उरलेली जमात आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आली आणि तो तुकडाही सरकारने विकायला काढला.

यातली एक गोष्ट मला विशेष लागते. याच पॉनींचे तरुण अमेरिकी सैन्यात टेहळे म्हणून भरती झाले होते. युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ नेब्रास्कातून पुढे सरकत होते तेव्हा कामगारांच्या रक्षणाला ते उभे होते. ज्या रेल्वेने वसाहतकऱ्यांचे लोंढे आणले, ती त्यांनी राखली. ओक्लाहोमात रोगराई आणि उपासमार वाट्याला आली आणि १९०० पर्यंत जमातीत सातशेहूनही कमी माणसं उरली.

कस्टर काउंटी स्थापन झाली १८७७ मध्ये, म्हणजे पॉनी गेल्यावर दोन वर्षांनी. नाव दिलं ते १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन यांच्याकडून मारल्या गेलेल्या सेनाधिकाऱ्याचं. तेव्हा ‘ओसाड’ म्हणायचंच असेल तर ‘ओसाड केलेली’ म्हणा. पॉनी लोकांनी सोबत नेलेली मक्याची वाणं ओक्लाहोमाच्या मातीत नीट धरली नाहीत. या शतकाच्या सुरुवातीला जमातीने जपलेले थोडे दाणे नेब्रास्कात पाठवले, आणि ते तिथे उगवले. आज वसाहतकऱ्यांच्या मुलखातले लोक आपल्या वाफ्यांत हा मका जमातीसाठी पिकवतात. तिथल्या लोकांना आपल्या घराण्यांचा इतिहास पॉनींच्या इतिहासासह सांगता येतो. आपल्याकडे आलेल्या मजकुराला मात्र त्यांचं नावही माहीत नाही.

आता “सरकारने एक पैसा दिला नाही.”

सरकारने जमीन दिली. २० मे १८६२ रोजी लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. एकवीस वर्षांवरच्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या, नागरिक असलेल्या किंवा नागरिक होण्याचा इरादा लिहून दिलेल्या माणसाला १६० एकर. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि सगळी मिळून सुमारे १८ डॉलर फी भरायची. त्या काळी सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता. म्हणजे २०० डॉलरची जमीन १८ डॉलरला. एकशे साठ एकर म्हणजे ६५ हेक्टर. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. तुलना करायचीच असेल तर इथून करा.

शिवाय झाडं लावली तर वृक्षलागवड कायद्याखाली आणखी १६० एकर. १८७३ चा हा कायदा नेब्रास्काच्याच सिनेटरने, फिनिअस हिचकॉक यांनी मांडला होता. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या सैनिकांना नोकरीची वर्षं पाच वर्षांच्या अटीतून वजा करून मिळत. जमिनीची मोजणी सरकारी खर्चाने आधीच झालेली असे: एक-एक चौरस मैलाचे गट, छत्तीस गटांची टाउनशिप आणि त्यातले सोळावा व छत्तिसावा हे दोन गट शाळांसाठी राखीव. नेब्रास्का राज्याची जवळजवळ ४५ टक्के जमीन एकट्या होमस्टेड कायद्याने लोकांच्या नावावर झाली. देशभरात हा आकडा २७ कोटी एकर आणि सुमारे १६ लाख पट्टे असा आहे. सरकारी मदतीशिवाय झालेल्या गोष्टीचं हे उदाहरण असेल, तर मग सरकारी मदत कशाला म्हणायचं?

त्याच १८६२ च्या उन्हाळ्यात आणखी तीन गोष्टी झाल्या, मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. केंद्रीय कृषी खातं निघालं. पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाला. आणि शेतकी महाविद्यालयांसाठी राज्यांना जमिनी देणारा मॉरिल कायदा झाला. नेब्रास्का विद्यापीठ १८६९ मध्ये उभं राहिलं ते त्याच्या आधारावर. रेल्वेला रुळाच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक गट बहाल केले गेले: आधी मैलामागे दहा, १८६४ पासून वीस. वर सरकारी रोख्यांचं कर्ज. कस्टर काउंटीतले पहिले लोक प्लॅट नदीकाठच्या याच रेल्वेच्या ठाण्यांवरून सामान गाडीत घालून उत्तरेला यायचे. १८८६ मध्ये बर्लिंग्टनची रेल्वे ब्रोकन बो या काउंटीच्या मुख्य गावात पोचली. लोकसंख्या १८८० मध्ये होती २,२११. १८९० मध्ये झाली २१,६७७. एवढा फरक नुसत्या मनगटाच्या जोराने पडत नसतो.

टोळधाडीचा उल्लेख त्या मजकुरात मोठ्या अभिमानाने आहे, म्हणून ती नीट पाहू. १८७४ च्या उन्हाळ्यात टोळांनी नेब्रास्का आणि आजूबाजूची राज्यं फस्त केली. मका गेला, भाजीपाला गेला. मग काय झालं? राज्यात मदत समिती निघाली, राज्य सरकारने रोखे काढले, देशाच्या संसदेने बियाण्यांसाठी आणि अन्न-कपड्यांसाठी पैसे मंजूर केले, सैन्याच्या कोठारांतले कोट आणि बूट वसाहतकऱ्यांना वाटले गेले. पीक बुडालेल्यांना जमिनीवरचा हक्क न गमावता काही काळ बाहेर जाऊन कमावण्याची मुभा संसदेने दिली. शेजारच्या व्हॅली काउंटीत त्याच वर्षी फोर्ट हार्टसफ बांधायला घेतला होता. पीक गेलेल्या माणसांना तिथे मजुरी मिळाली आणि त्या मजुरीवर कित्येक घरांनी तो हिवाळा काढला. आपल्याकडे याला दुष्काळी काम म्हणतात. ते घेणारा शेतकरी तिकडे लाचार ठरला नाही आणि इकडेही ठरवू नये.

१८९० चा दुष्काळ आणि त्याहून भयंकर १८९४ चा, या दोन्ही वेळी राज्य विधिमंडळाने मदतीला पैसे दिले. पोटाला धान्य, जनावरांना वैरण, पुढच्या पेरणीला बियाणं. हे घेणाऱ्यांत कस्टर काउंटीही होती. कुणी हात पसरला नाही असं म्हणणाऱ्याने त्या वर्षांची वर्तमानपत्रंही पाहिलेली नाहीत.

या दुष्काळांमागे फसवणूकही होती. शंभरावं रेखावृत्त काउंटीच्या पश्चिम भागातून जातं. त्याच्या पलीकडे पावसाचा भरवसा नाही हे तज्ज्ञ तेव्हाही सांगत होते. पण १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून लागोपाठ बरी वर्षं आली आणि नेब्रास्का विद्यापीठाचे एक प्राध्यापक, सॅम्युअल ऑगी, म्हणू लागले की नांगरलेली जमीन पाऊस खेचून आणते. “पाऊस नांगरामागून येतो” हे वाक्य चार्ल्स डॅना विल्बर या जमीनप्रचारकाने १८८१ मध्ये रूढ केलं. जमिनी विकायला बसलेल्या रेल्वे कंपन्यांना ते हवंच होतं. लोक आले, गहाणखतं लिहून दिली, आणि मग पाऊस थांबला.

“ज्याच्या मनगटात जोर, त्याला जमीन.” हेही खोटं आहे. मनगटाआधी पाहिला जायचा माणसाचा कागद आणि वंश. पॉनी किंवा लाकोटा माणसाला आपल्याच जुन्या मुलखात होमस्टेड हवं असेल तर जमातीपासून फारकत घेतल्याचं सिद्ध करावं लागे, तेही १८७५ च्या कायद्यानंतरच. नागरिक होण्याचा हक्क कायद्याने गोऱ्यांना आणि १८७० पासून आफ्रिकी वंशाच्या लोकांना होता. चिनी लोकांना १८८२ च्या कायद्याने उघड दार बंद केलं. आणि आपण? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही. त्या काळी कॅलिफोर्नियात पंजाबी शेतकरी राबत होते. नागरिक होता येत नाही म्हणून तिथल्या कायद्याने त्यांना जमिनीची मालकीही घेता येत नव्हती. त्यांच्या मनगटात जोर नव्हता असं हा मजकूर फिरवणाऱ्यांपैकी कुणी म्हणेल का?

ज्यांना दार उघडं होतं त्यांच्यातही हा मजकूर फक्त एकाच चेहऱ्याला जागा देतो. खऱ्या कस्टर काउंटीत पुष्कळ चेहरे होते. वेस्टरव्हिलजवळ जेरी शोर्स राहायचा. तो पूर्वी गुलाम होता. त्याच्याच जवळ त्याचे भाऊ, मोझेस स्पीज आणि हेन्री वेब, यांच्या जमिनी होत्या. तिघे सख्खे भाऊ आणि तिघांची आडनावं तीन, कारण प्रत्येकाला त्याच्या जुन्या मालकाचं आडनाव लागलेलं. १८८७ मध्ये काढलेला शोर्स कुटुंबाचा फोटो आजही पाहायला मिळतो. नुसत्या आडनावावरून वंशावळ जुळवणाऱ्याला हे तीन भाऊ कधीच एकत्र सापडणार नाहीत. घराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावं असं मला वाटतं. गुलामगिरीने जमीन तर नाकारलीच, भावांना एकमेकांचे भाऊ म्हणून कागदावर राहूही दिलं नाही.

तसंच अविवाहित बाया. लग्न न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित बाई कुटुंबप्रमुख म्हणून जमीन मागू शकत होती. नवऱ्याच्या घरात नांदणारीला तो हक्क नव्हता. क्रिसमन घराण्यातल्या चार बहिणींचा १८८६ चा फोटो प्रसिद्ध आहे: मातीच्या घरासमोर खोगीर घातलेले घोडे आणि चौघी ताठ उभ्या. या बहिणींनी आपापल्या नावावर जमिनी मागितल्या आणि राहण्याची अट पुरी करायला त्या आळीपाळीने एकमेकींच्या घरी मुक्काम करत. म्हणजे इथेही ‘एकट्याने’ काही झालं नाही.

‘एकट्याने’बद्दल फार बोलण्याची गरज नाही. बहुतेक लोक नात्यागोत्याने, गावच्या गावं मिळून आले. बेल्जियममधून आलेल्या फ्रेंच भाषकांची वस्ती वेगळी, चेक लोकांची वेगळी, डॅनिश लोकांची वेगळी. गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीच्या फूटभर रुंद पट्ट्या नांगराने कापून, त्या विटांसारख्या रचून घर उभं करायचं, तर शेजारी लागतातच. आणि सगळे शेजारी मित्र नव्हते. मोठे गुरेवाले सरकारी माळाला बेकायदा तारेची कुंपणं घालून बसले होते आणि वसाहतकरी त्यांना नको होते. डिसेंबर १८७८ मध्ये ल्यूथर मिचेल आणि एमी केचम या दोन वसाहतकऱ्यांना प्रिंट ऑलिव्ह नावाच्या गुरेवाल्याच्या टोळीने फासावर लटकवलं. त्यांची प्रेतं जळालेली सापडली. कैदेतल्या या दोघांना टोळीच्या हवाली केलं होतं खुद्द एका शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने. ऑलिव्हला जन्मठेप झाली, पण खटला चुकीच्या काउंटीत चालला या तांत्रिक कारणावर तो १८८० मध्ये सुटला. पुन्हा सुनावणीच्या वेळी साक्षीदारच उभे राहिले नाहीत. जमिनीचा हा इतिहास आपल्या कुठल्याही तालुक्याला ओळखीचा वाटावा असा आहे.

“कुणी जमीन सोडली नाही.” या दाव्याला उत्तर द्यायला तोच माणूस पुरे, ज्याने हे फोटो काढले.

कस्टर काउंटीतल्या मातीच्या घरांचे जगभर फिरणारे बहुतेक फोटो सॉलोमन बुचरचे आहेत. १८८० मध्ये तो वडील, भाऊ आणि मेहुण्याबरोबर इलिनॉयहून छपराच्या गाड्या घेऊन इथे आला. स्वतःच्या नावावर जमीन मागितली. दोन आठवडे त्यावर राहिला आणि सोडून दिली. डॉक्टर व्हायला मिनियापोलिसला गेला, तेही जमलं नाही. लग्न करून परतला आणि फोटोचा धंदा मांडला. १८८६ मध्ये त्याने ठरवलं की या काउंटीतल्या पहिल्या कुटुंबांचा सचित्र इतिहास करायचा. पुढची सात वर्षं तो गाडीत कॅमेरा आणि फोटो ज्यांवर उमटत त्या काचा घालून घरोघर फिरला, दीड हजारावर फोटो काढले, लोकांच्या आठवणी लिहून घेतल्या. १८९० च्या दशकातल्या दुष्काळाने त्याचंही काम बसलं. १८९९ मध्ये घर जळालं. छापील फोटो आणि लिहिलेल्या आठवणी गेल्या. काचा धान्याच्या कोठारात होत्या म्हणून वाचल्या. अखेर १९०१ मध्ये पुस्तक निघालं ते स्वेन फिंच नावाच्या एका सधन गुरेवाल्याच्या पैशाने.

त्या दोन आठवड्यांसाठी मी बुचरला दोष देत नाही. अशी माणसं हजारोंनी होती. होमस्टेड मागणाऱ्यांपैकी किती जणांच्या नावावर शेवटी जमीन झाली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. पण कुठलाही घ्या, तो निम्म्याच्या आसपासच येतो. बाकीच्यांनी सोडली, विकली, किंवा त्यांना हक्क सोडून द्यावा लागला. कस्टर काउंटीची लोकसंख्या १८९० मध्ये २१,६७७ होती ती १९०० मध्ये १९,७५८ वर उतरली, आणि हा आकडाही सगळी हकिगत सांगत नाही, कारण जाणाऱ्यांच्या जागी नवे येतच होते.

मग ‘सगळे टिकले’ असं का वाटतं? कारण काउंटीचा इतिहास लिहायची वेळ आली तेव्हा आठवणी सांगायला जे होते ते टिकलेलेच होते. जे गाडी जुंपून परत गेले त्यांच्या दारात कुणी वही घेऊन गेलं नाही. त्यात एक दुर्दैव आणखी: १८९० च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळे नष्ट झाले. ज्या दशकात काउंटी दहापट वाढली, नेमक्या त्याच दशकाची कुटुंबवार नोंद हरवली. नेब्रास्काने १८८५ मध्ये वेगळी जनगणना केली होती, तिने थोडी भरपाई होते. पण खरा खजिना होमस्टेडच्या फायलींत आहे. जमीन नावावर करून घेताना अर्जदार आणि दोन साक्षीदार यांचे जबाब व्हायचे: घर किती बाय किती, खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर फोडले, कोणत्या वर्षी काय पेरलं, घरात माणसं किती, मधे किती दिवस गैरहजर होता आणि का. परदेशातून आलेल्यांचे नागरिकत्वाचे कागदही त्यातच. आपल्याकडच्या पंचनाम्याची भाषा ज्याला समजते त्याला या फायली वाचताना परकं वाटणार नाही. नेब्रास्काच्या या फायली संगणकावर आल्या आहेत. सोडून दिलेल्या आणि रद्द झालेल्या दाव्यांचीही नोंद राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. गैरहजेरीची कारणं वाचत गेलं की तीच तीच दिसतात: पीक गेलं म्हणून मजुरीला गेलो होतो, बायको आजारी होती, थंडी निभावणार नव्हती.

आणि वंशज आजही तीच जमीन कसतात म्हणे. काहींचे कसतात, हे खरं. पण १९२० मध्ये २६,४०७ वर गेलेली ही काउंटी २०२० मध्ये १०,५४५ वर आली आहे. कोरड्या माळावर १६० एकरांत घर चालत नाही, हे सरकारनेही १९०४ मध्ये मान्य केलं. वायव्य नेब्रास्कासाठी किंकेड कायदा करून हद्द ६४० एकरांवर नेली. त्या कायद्याखाली आणखी उत्तरेकडच्या चेरी काउंटीत डेविटी नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्तीही उभी राहिली, आणि ती १९३० च्या दशकापर्यंत उठलीही.

फोटोबद्दल एकच सांगायचं आहे. तो पुरावा आहे, पण तो कसा घडला हे कळल्यावरच वाचावा. लोक ठेवणीतले कपडे घालून उभे राहत, घरातल्या किमती वस्तू अंगणात मांडत. हिल्टन कुटुंबाच्या फोटोत मोकळ्या माळावर बाजाची पेटी दिसते, कारण त्या घरच्या बाईला आपलं मातीचं घर पूर्वेकडच्या मैत्रिणींना दिसू द्यायचं नव्हतं, पेटी मात्र दाखवायची होती. काचेवरचा दोष झाकायला बुचर छपरावर टर्की पक्षीही कोरून काढायचा. तोंडं झाकून तारेचं कुंपण तोडणाऱ्या वसाहतकऱ्यांचा त्याचा गाजलेला फोटो प्रसंगानंतर कित्येक वर्षांनी मुद्दाम उभा करून काढलेला आहे. माझ्या मते यातून त्या माणसांचा मान कमी होत नाही. त्या बाईची लाज आणि तिची हौस मला त्या मजकुरातल्या ‘मनगटाच्या जोरा’पेक्षा कितीतरी खरी वाटते.

राहिला मोर्चा आणि सवलतींचा मुद्दा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

१८८० च्या दशकाअखेर मक्याचा भाव इतका पडला की नेब्रास्कातले शेतकरी विकण्याऐवजी तो चुलीत जाळू लागले. रेल्वेचं भाडं जबर, कर्जाचं व्याज जबर, धान्याची कोठारं दलालांच्या हातात. यावर कस्टर काउंटीतल्या याच कुटुंबांनी काय केलं? संघटना केली. शेतकरी आघाडीच्या शाखा गावोगाव निघाल्या, मिरवणुका झाल्या, सभा झाल्या. १८९० च्या निवडणुकीत त्यांनी दोन्ही जुन्या पक्षांना बाजूला सारून आपल्यातलाच एक वसाहतकरी शेतकरी, ब्रोकन बोचा ओमर केम, थेट वॉशिंग्टनच्या संसदेत पाठवला. तो सलग तीनदा निवडून आला. जुलै १८९२ मध्ये त्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाचं अधिवेशन ओमाहात भरलं. तिथल्या जाहीरनाम्यातल्या मागण्या वाचा: रेल्वे सरकारच्या मालकीची करा, कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त अडवलेली जमीन परत घेऊन कसणाऱ्यांना द्या, जास्त कमावणाऱ्यावर चढता कर लावा, आणि सरकारने लोकांना दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही अशा दराने थेट कर्ज द्यावं. त्यासाठी शेतकरी आघाडीने योजनाही मांडली होती: सरकारने गोदामं बांधावीत, शेतकऱ्याने भाव पडलेला असताना माल तिथे ठेवावा, त्याच्यावर स्वस्त कर्ज घ्यावं आणि भाव चढल्यावर विकावा.

गोदाम-तारण, रास्त भाव, स्वस्त कर्ज. आपल्याकडचा शेतकरी आज जे मागतो तेच ब्रोकन बोच्या शेतकऱ्याने १८९२ मध्ये मागितलं. त्या पिढीला सगळं मिळालं नाही. चढता आयकर १९१३ नंतर आला, शेतीकर्जाची सरकारी व्यवस्था १९१६ पासून, आणि मालाच्या भावाला आधार १९३३ नंतर. आजही नेब्रास्कातल्या मक्याच्या पीकविम्याचा निम्म्याहून जास्त हप्ता त्यांचं केंद्र सरकार भरतं. यात लाज वाटण्यासारखं त्यांना काही वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही.

तो मजकूर तुमच्या गटावर पुन्हा आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, की फोटोतल्या त्या कुटुंबाने १८९० मध्ये मत कुणाला दिलं असेल.